साखळी करवत : जुनी आणि नवी

मृग नक्षत्राच्या आगेमागे पहिला मोठा वारा सुटला की गोव्याच्या गावागावांतून एक कर्कश घरघर ऐकू येऊ लागते. रस्त्यावर आडव्या पडलेल्या आंब्याच्या वा फणसाच्या बुंध्याशी अग्निशमन दलाचे जवान किंवा गावातील एखादा कसबी लाकूडतोड्या वाकून उभा असतो आणि त्याच्या हातातील यंत्रातून भुशाचा फवारा उडत असतो. १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून पुढे सरकले, तेव्हा असंख्य झाडे उन्मळून घरांवर, रस्त्यांवर व वीजवाहिन्यांवर कोसळली. त्या दिवसांत वाहतूक पुन्हा सुरू झाली आणि घरोघरी दिवे लागले, त्याचे मोठे श्रेय या यंत्राला आणि ते चालविणाऱ्या हातांना द्यावे लागेल.

या यंत्रास इंग्रजीत चेनसॉ म्हणतात. आपल्याकडे कोणी त्याला ‘कटर’ म्हणतो, कोणी नुसतेच ‘मशीन’. प्रस्तुत लेखात आपण त्यास साखळी करवत म्हणू. लहानसे इंजिन, त्यातून पुढे आलेले लांबट पाते आणि त्या पात्याच्या कडेने वेगाने फिरणारी दातेरी साखळी, असे तिचे साधे स्वरूप आहे. घरगुती कामासाठी मिळणाऱ्या हलक्या करवती वेगळ्या. येथे विचार करावयाचा आहे तो दिवसभर लाकूडतोडीचे काम करणाऱ्यांच्या व्यावसायिक करवतींचा. या करवतींत गेल्या अर्धशतकात पुष्कळ बदल झाले आहेत. तथापि अनेक गावांत अजूनही जुन्या घडणीची यंत्रे कामावर आहेत आणि ‘जुने ते सोने’ या न्यायाने त्यांची वाखाणणीही होत असते. ती वाखाणणी कितपत सार्थ आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

मामा-भाच्याचा वाद

काही दिवसांपूर्वी सत्तरी तालुक्यातील एका गावी जाण्याचा योग आला. तेथे एक वयस्क लाकूडतोडे आणि त्यांचा तरुण भाचा असे दोघे मिळून एका वठलेल्या फणसाचे ओंडके करीत होते. मामांच्या हाती जुनी, भारदस्त करवत होती. भाच्याच्या हाती नवी. विश्रांतीसाठी दोघे बसले तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, ती आता ठेवून द्या ना माळ्यावर. किती दिवस ओढणार?” मामा हसून उत्तरले, “अरे, तुझं मशीन बिघडलं तर त्याला कंप्युटर लागतो. माझ्या मशीनला एक पान्हा नि एक स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. वीस वर्षांत एकदाही तिनं मला उपाशी ठेवलं नाही.”

युक्तिवाद बिनतोड वाटला. इतक्यात घरातून चहा आला. मामांनी पेला उचलण्यासाठी दोन्ही हातांची ओंजळ केली. “एका हातानं धरवत नाही, साहेब,” ते सहजपणे म्हणाले. “बोटं बधिर असतात. सकाळी सदऱ्याची बटणंही घरची माणसंच लावून देतात. वयाचा दोष, दुसरं काय!”

तो दोष निव्वळ वयाचा नसावा, अशी शंका त्या वेळी मनात आली. जुन्या व नव्या करवतीतील अंतर मोजताना साधारणपणे ताकद, वेग व किंमत यांचाच हिशेब होतो. प्रत्यक्षात सर्वांत मोठे अंतर लाकडावर दिसत नाही. ते दिसते करवत धरणाऱ्या माणसाच्या शरीरावर. या लेखाचा मुख्य विषय तोच आहे.

चाळीस किलोंपासून सहा किलोंपर्यंत

साखळी करवतीचा व्यावसायिक इतिहास जर्मनीत सुरू होतो. १९२७ साली एमिल लेर्प यांनी थुरिंगिया प्रांतातील डोलमार नावाच्या डोंगरावर पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीची चाचणी घेतली. तिचे वजन ५८ किलो होते. त्या डोंगराचेच नाव पुढे त्यांच्या कारखान्यास मिळाले. १९२६ साली श्टुटगार्ट येथे आपला उद्योग सुरू करणाऱ्या आंद्रेआस श्टील यांनी १९२९ साली पेट्रोलवर चालणारे वृक्षतोडणी यंत्र बाजारात आणले. त्याचे वजन ४६ किलो आणि शक्ती ६ अश्वशक्ती. ही यंत्रे एकट्याने उचलण्याजोगी नव्हतीच. एकाने इंजिनाकडची बाजू व दुसऱ्याने पात्याचे टोक धरावे, असा प्रकार होता. आपल्याकडील दोघांनी ओढावयाच्या लांब करवतीला इंजिन जोडले, एवढाच काय तो फरक, असे म्हणता येईल.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलले. अमेरिकेत मॅकलॉक कंपनीने १९४९ साली २५ पौंड, म्हणजे सुमारे ११ किलो वजनाची करवत काढली. श्टीलची एकट्याने चालविण्याची पहिली पेट्रोल करवत १९५० साली आली; ती १६ किलोंची होती. १९५९ साली त्याच कारखान्याची ‘कॉन्ट्रा’ आली. तीत इंजिन व साखळी यांमधील दंतचक्रे काढून टाकून साखळी थेट इंजिनावर फिरविण्यात आली होती. वजन १२ किलो आणि शक्ती पुन्हा ६ अश्वशक्ती. तीस वर्षांपूर्वी ज्या ताकदीसाठी ४६ किलोंचे ओझे दोघांनी वाहावे लागत होते, ती आता एका माणसाच्या हातात आली.

याच काळात साखळीचे दातही सुधारले. शाळांतून मुलांना सांगावी अशी ही हकिकत आहे. पूर्वीच्या साखळीचे दात हातकरवतीसारखे लाकूड ओरबाडीत जात. ते लवकर बोथट होत आणि त्यांना धार लावण्यात तासन् तास जात. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील जोसेफ कॉक्स हे स्वतः लाकूडतोडीचे काम करीत. १९४६ साली एका बुंध्यात लाकूड पोखरणारी भुंगेऱ्याची अळी त्यांना दिसली. आपल्या वाकड्या जबड्यांनी ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे लाकूड कोरीत सहज पुढे सरकत होती. कॉक्स यांनी तिचे निरीक्षण करून आळीपाळीने डाव्या व उजव्या बाजूस वळलेल्या दातांची साखळी तयार केली आणि १९४७ साली पोर्टलंड शहरातील आपल्या घराच्या तळघरात तिचे उत्पादन सुरू केले. आजच्या बहुतेक सर्व साखळ्या मुळात त्याच घडणीच्या आहेत.

दोन करवती शेजारी शेजारी

तुलनेसाठी एकाच कारखान्याच्या दोन करवती घेऊ. पहिली श्टील ०७०. ही १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात निघाली आणि युरोपात मागे पडल्यानंतरही दक्षिण अमेरिका, आफ्रिका व आशिया खंडांतील कठीण लाकडाच्या प्रदेशांत अनेक वर्षे विकली गेली. तिच्या नकलाही बाजारात भरपूर आहेत. दुसरी त्याच कारखान्याची हल्लीची एमएस ४६२.

०७० च्या इंजिनाचे आकारमान १०६ घन सेंटिमीटर, शक्ती ४.८ किलोवॅट आणि वजन साडेदहा किलोंच्या आसपास. एमएस ४६२ चे आकारमान अवघे ७२ घन सेंटिमीटर, शक्ती ४.४ किलोवॅट आणि पाते व साखळी वगळून वजन ६ किलो. शक्ती जवळपास तेवढीच. वजन मात्र साडेचार किलोंनी कमी. समजा, दिवसाकाठी माणसाने करवत तीनशे वेळा उचलली, तर संध्याकाळपर्यंत १,३५० किलो ओझे त्याच्या पाठीवरून व खांद्यांवरून कमी झाले.

एका किलोवॅट शक्तीसाठी किती वजन वाहावे लागते, हा व्यावसायिक करवतीचा खरा निकष समजला जातो. १९२९ च्या यंत्रात तो आकडा दहा किलोंहून अधिक होता; १९५९ च्या ‘कॉन्ट्रा’त पावणेतीन किलोंच्या जवळ; ०७० मध्ये सव्वादोन किलोंच्या आत-बाहेर; आणि २०१९ साली आलेल्या एमएस ५०० आय या करवतीत १.२४ किलो. ही शेवटची करवत ७९ घन सेंटिमीटरची असून ५ किलोवॅट शक्ती देते आणि तिचे वजन ६.२ किलो आहे.

जुन्या करवतीचा जोर तिच्या मोठ्या इंजिनात आहे. ती कमी वेगाने, परंतु नेटाने फिरते आणि मोठ्या पात्यासह कठीण बुंध्यातही अडखळत नाही. नव्या करवतीचे इंजिन पुष्कळ अधिक वेगाने फिरते व साखळीला सेकंदाला २० मीटरांहून अधिक गती देते. ताशी हिशेब केला तर हा वेग ७० ते ८० किलोमीटर भरतो. हमरस्त्यावरील मोटारीचा वेग हातभर अंतरावर असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे पुढील दोन विषयांचे महत्त्व पटेल.

कंपने : न दिसणारी इजा

इंजिनाचा प्रत्येक स्फोट आणि साखळीच्या प्रत्येक दाताचा लाकडावरील आघात मुठींतून हातात उतरतो. दिवसाचे काही तास आणि वर्षानुवर्षे हे आघात सोसले की बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या व मज्जातंतू निकामी होऊ लागतात. थंड प्रदेशांत अशा कामगारांची बोटे गारठ्यात एकाएकी पांढरीफटक पडतात. आपल्यासारख्या उष्ण हवेत बोटे पांढरी पडण्याचा प्रकार कमी आढळतो आणि त्यामुळे रोग ओळखूही येत नाही. मुंग्या येणे, बधिरपणा, पकड सैल होणे, बारीक वस्तू हाती न धरवणे, ही त्याची येथील लक्षणे होत. वाढलेला रोग सहसा पूर्णपणे बरा होत नाही. मामांच्या हातातील पेला या संदर्भात आठवतो.

१९६० च्या दशकात साखळी करवत सर्वत्र पसरली आणि जपान, स्कँडिनेव्हिया, ब्रिटन येथील जंगल कामगारांत हा रोग मोठ्या प्रमाणावर दिसू लागला. त्यावर उपाय म्हणून इंजिन व साखळीचा भाग एकीकडे आणि मुठींचा भाग दुसरीकडे असे यंत्राचे दोन विभाग करून त्यांना रबरी गाद्यांनी, पुढे स्प्रिंगांनीही, जोडण्याची युक्ती निघाली. स्वीडनच्या हुस्क्वार्ना कारखान्याने १९६९ साली अशी अंगभूत कंपनरोधक रचना असलेली करवत काढली. इतर कारखान्यांनीही त्याच सुमारास ही रचना स्वीकारली. ०७० मात्र कंपनरोधक मुठींशिवायही विकली जात राहिली.

या सुधारणेचा परिणाम काय झाला, याचे उत्तम मोजमाप फिनलंडमध्ये झाले आहे. त्या देशातील सुओमुस्साल्मी या भागातील जंगल कामगारांची १९७२ पासून पुढे वर्षानुवर्षे तपासणी करण्यात आली. १९७२ साली त्यांच्यापैकी ४० टक्के कामगारांना बोटे पांढरी पडण्याचा विकार होता. १९९० साली हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले होते. त्याच काळात करवतींचे कंपन प्रतिसेकंदवर्ग १४ मीटरांवरून २ मीटरांवर उतरले होते. माणसे त्याच प्रदेशातील, काम तेच, थंडीही तीच. बदलली होती ती मुख्यतः हातातील करवत.

या आकड्यांचा अर्थ आपल्या भाषेत असा. युरोपातील नियमांनुसार आठ तासांच्या दिवसासाठी कंपनाची सरासरी २.५ झाली की मालकाने उपाययोजना सुरू करावयाची असते आणि ५ ही मर्यादा कधीही ओलांडावयाची नसते. १४ कंपनाची जुनी करवत चालविणारा माणूस पहिली मर्यादा पंधरा मिनिटांत गाठतो आणि दुसरी सुमारे तासाभरात. २ कंपनाची करवत आठ तास चालविली तरी पहिली मर्यादाही गाठली जात नाही. जुन्या करवतीवर सबंध दिवस काढणाऱ्याच्या हातांनी त्याची किती किंमत मोजली असेल, याचा अंदाज यावरून येईल.

उलट उसळी आणि ब्रेक

कंपनांची इजा सावकाश होते; दुसरी इजा निमिषार्धात. पात्याच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग चालू स्थितीत एखाद्या फांदीला वा ओंडक्याला लागला, की साखळीचा दात तेथे अडकतो व साखळीची सारी गती पात्याकडे वळते. पाते वर आणि मागे, म्हणजे चालकाच्या चेहऱ्याकडे व मानेकडे उसळते. ही उलट उसळी इतकी जलद असते की माणसाला ती समजून हात आवरण्याइतकाही अवधी मिळत नाही. अनुभवी माणसाच्या बाबतीतही हे खरे आहे, कारण अनुभवाने मनुष्याच्या प्रतिक्रियेचा वेग साखळीइतका होत नाही.

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी साखळीला ब्रेक आला तो याच कारणासाठी. पुढील मुठीसमोर एक ढाल असते. पाते उसळले की मनगट त्या ढालीवर आदळते, किंवा नव्या करवतींत मनगट न लागताही उसळीच्या झटक्यानेच ढाल पुढे पडते आणि आतील पोलादी पट्टा आवळला जाऊन साखळी सेकंदाच्या लहानशा अंशात थांबते. जुन्या ०७० ला हा ब्रेक नाही. नव्या करवतींत याशिवाय आणखी तीन गोष्टी असतात : मागील मुठीवरचा सुरक्षा खटका दाबल्याविना वेग न वाढणे, तुटलेली साखळी अडविणारा आकडा, आणि उजव्या हाताखाली रुंद संरक्षक भाग.

वादळाने पडलेल्या झाडाच्या कामात या ब्रेकचे महत्त्व विशेष आहे. अशा झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, बुंधा कोठे ताणलेला तर कोठे दाबलेला असतो आणि पानांच्या गर्दीत पात्याचे टोक कशाला लागेल, ते दिसत नाही. उसळीला यापेक्षा अनुकूल परिस्थिती क्वचितच असेल. त्यामुळे वादळानंतर मदतीसाठी धावून येणाऱ्या उत्साही ग्रामस्थाने गावातील बिनब्रेकची जुनी करवत बाहेर काढणे, ही गोष्ट सर्वाधिक धोक्याची होय.

इंजिन, इंधन आणि धूर

साखळी करवतीचे इंजिन दोन आघातांचे असते. ते कोणत्याही बाजूस कलते धरून चालविता येते व वजनास हलके असते, हे त्याचे गुण. दोष असा की, जळलेला वायू बाहेर ढकलताना पेट्रोलचे ताजे मिश्रणही त्याच्याबरोबर थोडे निसटते. जुन्या घडणीच्या इंजिनात पाव भागाच्या आसपास इंधन असे न जळताच बाहेर जाई. मालकाचे पैसे धुरात जात आणि तो धूर दिवसभर चालकाच्या नाकातोंडात जाई.

नव्या इंजिनांत जळलेला वायू व ताजे मिश्रण यांच्यामध्ये शुद्ध हवेचा एक थर सोडला जातो. जे निसटते ते बव्हंशी हवेच्या रूपाने निसटते. या योजनेमुळे २० टक्क्यांपर्यंत इंधन वाचते, असे उत्पादक सांगतात. इंधनात मिसळावयाच्या तेलाचे प्रमाणही उतरले आहे. जुन्या करवतीत २५ भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर घालीत. नव्या करवतीत योग्य प्रतीचे तेल वापरल्यास ५० भागांस १, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर पुरतात. येथे एक इशारा आवश्यक आहे. जुन्या सवयीने नव्या करवतीत वाटेल ते तेल ओतणे किंवा नव्याचे प्रमाण पाहून जुन्या करवतीत तेल कमी करणे, या दोन्ही गोष्टींनी इंजिनाचे नुकसान होते. प्रमाण नेहमी त्या त्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेवरून घ्यावे.

जुन्या करवतीचा कार्ब्युरेटर स्क्रू फिरवून जुळवावा लागे. हवा बदलली, उंची बदलली, गाळणी भुशाने भरली की पुन्हा जुळवणी. एमएस ४६२ सारख्या करवतीत हे काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आपणहून करतो. एमएस ५०० आय मध्ये तर कार्ब्युरेटरच नाही. मोटारीप्रमाणे इंधन मोजून आत सोडले जाते.

आवाजाच्या बाबतीत मात्र नव्याची फारशी बढाई मारता येणार नाही. नवी पेट्रोल करवतही चालकाच्या कानाशी १०० डेसिबलांहून अधिक आवाज करते. कानांवर संरक्षक साधन न चढविता तिला हात लावू नये.

जुन्या करवतीची बाजू

मामांच्या बोलण्यात तथ्य नव्हते, असे नाही. जुन्या करवतीची रचना सुटसुटीत होती आणि तिचे भाग जाड व दणकट. गावच्या कारागिराला ती उघडता येई, दुरुस्त करता येई. नव्या करवतीतील नियंत्रक बिघडला तर तालुक्याच्या ठिकाणी, कधी त्याहूनही दूर जावे लागते आणि तेथे यंत्राला जोडून दोष दाखविणारे उपकरण असावे लागते. ज्याचे पोट रोजच्या कामावर आहे त्याला आठ दिवसांची खोळंबा परवडत नाही. नव्या करवतीची किंमतही अधिक असते. मोठ्या घेराच्या, कठीण लाकडाच्या बुंध्यात लांब पात्यासह जुने मोठे इंजिन आजही आपले काम चोख बजावते, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु या साऱ्या गुणांची बेरीज केली तरी ती यंत्राच्या आयुष्याविषयी बोलते. चालविणाऱ्याच्या आयुष्याचा हिशेब तीत येत नाही. पान्ह्याने करवत दुरुस्त होते; बधिर झालेली बोटे पान्ह्याने दुरुस्त होत नाहीत. शिवाय जुन्या करवतीला आता आणखी एक अडचण आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. ते ओलावा शोषते व जुन्या रबरी पडद्यांना आणि नळ्यांना अपायकारक ठरते. जुनी असो वा नवी, काम संपल्यावर टाकीत इंधन ठेवून करवत महिनोन् महिने बाजूस टाकू नये.

बॅटरीवर चालणाऱ्या व्यावसायिक करवतीही आता मिळू लागल्या आहेत. त्यांत धूर नाही, दोरी ओढून चालू करण्याचा त्रास नाही व आवाज पुष्कळ कमी. फांद्या छाटणे, रस्त्याकडेची किरकोळ तोड यांसाठी त्या सोयीच्या आहेत. दिवसभर जाड बुंधे कापावयाचे असतील आणि जवळ विजेची सोय नसेल, तर अद्याप पेट्रोल करवतच हाती घ्यावी लागते.

खरेदी करताना आणि वापरताना

ग्रामपंचायती, बागायतदार, सहकारी संस्था व कार्यालये यांनी करवत खरेदी करताना केवळ इंजिनाचा आकार व किंमत पाहू नये. पुढील बाबी कागदावर मागून घ्याव्यात : साखळीचा ब्रेक आहे काय व तो झटक्यानेही लागतो काय, दोन्ही मुठींवरील कंपनाचे आकडे काय, पाते व साखळी वगळून वजन किती, सुटे भाग व दुरुस्ती जवळपास कोठे मिळते. कंपनाचा आकडा सांगता येत नसेल, तर ती करवत दिवसभराच्या कामासाठी घेऊ नये. नामांकित जुन्या नमुन्याच्या स्वस्त नकला दिसावयास तशाच असतात. त्यांच्याविषयी विशेष सावध असावे.

ज्यांच्याजवळ ब्रेक असलेली करवत आहे, त्यांनी रोज काम सुरू करण्यापूर्वी ब्रेक लागतो की नाही, ते तपासावे. ब्रेकच्या पट्ट्याशी भुसा व तेलाचा चिखल साचला की तो निकामी होतो. मुठींच्या रबरी गाद्या फाटल्या असतील तर नवी करवतही कंपनांच्या बाबतीत जुनीच होते. साखळीला वरचेवर धार लावावी. बोथट साखळी लाकडाऐवजी माणसालाच अधिक हादरे देते आणि जोर लावून दाबावे लागल्याने तोल जाण्याचा संभव वाढतो. बारीक भुकटी पडू लागली की साखळी बोथट झाली, असे समजावे. धारदार साखळीतून जाडसर छिलके पडतात. पात्याला वंगण म्हणून गाडीतून काढलेले जळके तेल घालू नये.

ज्यांना तूर्त जुनी करवत सोडणे शक्य नाही, त्यांनी निदान एवढे पथ्य पाळावे : तिच्यावर सलग काम करू नये, थोडा वेळ काम व मग विश्रांती असा क्रम ठेवावा, दोघांनी पाळीपाळीने चालवावी आणि पडलेल्या झाडाच्या गुंत्यात ती नेऊ नये. शिरस्त्राण, चेहऱ्यावर जाळी, कानांवर झाकणे, जाड बूट व साखळी अडविणाऱ्या तंतूंची खास विजार ही साधने जुन्या व नव्या दोन्ही करवतींसाठी आवश्यक होत. बोटांना मुंग्या येऊ लागताच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आपण कोणते यंत्र चालवितो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. एरवी त्यांच्याही ध्यानात ते येणार नाही.

उभे झाड तोडावयाचे असल्यास गोवा, दमण व दीव वृक्ष संरक्षण अधिनियम, १९८४ अन्वये वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, याची आठवणही येथे करून देणे उचित होईल. करवत नवी व वेगवान झाली म्हणून त्या नियमात सूट मिळालेली नाही.

सत्तरीतील त्या दोघांचा निरोप घेताना भाच्याला एवढेच सुचविले की, आठवडाभर मामांना नवी करवत वापरावयास द्यावी व नंतर वादाचा निकाल लावावा. मामा म्हणाले, “बघू या, साहेब. पण धार मात्र मीच लावीन. पोरांना कानस धरता येत नाही.” हे त्यांचे म्हणणे मात्र आम्ही मुकाट्याने मान्य केले. धार लावण्याची विद्या जुन्याकडून नव्याकडे यावी आणि ब्रेक व कंपनरोधक मूठ नव्याकडून जुन्याच्या हाती जावी, अशीच त्या घरातील देवाणघेवाण झाली तर दोघांचेही हित होईल.